कूलर, भट्टी आणि तिसरी वायर

(या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.)

इअरफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आज सुरुवातीलाच माझे अण्णा ओरडणार आहेत.

गोष्ट जानेवारीतली. सकाळचे साडेआठ. सावेडीतल्या आमच्या घरी चहा चाललाय, आणि दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा मिनियापोलिसला असतो. तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ. स्क्रीनवर दादाचं तोंड नाही, नुसता एक पत्र्याचा डबा आणि त्यातून लोंबणाऱ्या लाल-पांढऱ्या वायरी. "अण्णा, हे बघा ना जरा. तुम्ही वायरमन आहात, तुम्हाला कळेल."

अण्णा म्हणाले, "काय आहे हे?"

"फर्नेस. घर गरम करायची भट्टी."

"घरात भट्टी? गुऱ्हाळ काढलंस का काय?"

झालं असं होतं, की माझ्या भाच्याचा, पाच वर्षांच्या पोराचा, आठवड्यात तीनदा घोळणा फुटला होता. आपल्याकडे घोळणा फुटतो मे महिन्यात, उन्हात खेळून आल्यावर. मग आजी डोक्यावर पाणी मारते आणि कांदा हुंगायला देते. तिकडे बाहेर उणे वीस आणि पोराच्या नाकातून रक्त. वहिनी घाबरलेली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, घरातली हवा कोरडी आहे, दमट करा. दादाने जे घर घेतलं त्याच्या भट्टीला आधीच्या मालकाने एक ह्युमिडिफायर बसवलेला होता, बंद पडलेला. दादाने नवीन व्हॉल्व्ह मागवला, यूट्यूब बघून दोन वायरी जोडल्या, बटण दाबलं. तीन मिनिटांत धूर.

"मेन स्विच बंद केला का आधी?" अण्णा एकदम ओरडले. म्हणजे खरंच ओरडले. माझ्या हातातला चहा सांडला.

दादा म्हणाला, "चोवीस व्होल्टचीच वायर आहे अण्णा, त्याने काय होतंय."

"कशावरून चोवीस? मीटर लावलास?"

तर आजचा एपिसोड त्या कॉलमधून निघालाय. घरातल्या हवेत पाणी घालायचं, हा उद्योग माणूस कधीपासून करतोय? आणि त्यात वीज कधी घुसली? मी वाचायला लागले आणि निम्मी गोष्ट आपल्या जिल्ह्यातच सापडली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण मी बोलताना नगरच म्हणणार, घरात तेच तोंडात बसलंय. समजून घ्या.

आधी थोडं विज्ञान, पटकन. हवा जितकी गरम, तितकं जास्त पाणी ती वाफेच्या रूपात धरून ठेवू शकते. वीस डिग्रीची एक घनमीटर हवा साधारण १७ ग्रॅम पाणी धरते. उणे वीसची हवा जेमतेम एक ग्रॅम. आता ती बाहेरची बर्फाळ हवा फटीफटीतून घरात आली आणि भट्टीने तिला वीस डिग्रीपर्यंत तापवलं, तर काय होईल? तिच्यात पाणी तेवढंच, एक ग्रॅम, पण भूक १७ ग्रॅमची. म्हणजे आर्द्रता पाच-सहा टक्के. ही भुकेली हवा मग जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. लाकडी फरशीतून, ओठांतून, पोराच्या नाकातून. नगरचा मे महिना आणि मिनेसोटाचा जानेवारी, नाकाला दोन्ही सारखेच.

नगर हा पर्जन्यछायेतला मुलूख. सह्याद्री ढग अडवतो, अकोल्याच्या डोंगरात धो धो पडतं आणि नगर शहरापर्यंत येईस्तोवर उरतो तो वारा. कोरडा. पण हाच कोरडेपणा एका बाबतीत वरदान आहे: कोरड्या हवेत पाणी झटकन उडतं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईत कूलर लावला तर अंग नुसतं चिकट होतं, नगरला लावला तर झोप लागते. कारण हेच.

हे गणित निजामशाहीतल्या लोकांनाही माहीत होतं, आकडे नसतील. मलिक अहमदने १४९० मध्ये शहर वसवायला घेतलं, आणि कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा गावांकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणलं गेलं. या नळांवर कधीतरी वेगळा एपिसोड करू, तो विषय मोठा आहे. आज फक्त फराहबाग. शहराच्या आग्नेयेला, भव्य अष्टकोनी महाल, आणि तो कुठे बांधला? तलावाच्या मधोमध. चंगीझ खानाच्या काळात काम सुरू झालं, नंतर पाडापाडी झाली आणि १५८३ मध्ये सलाबत खानाने ते पुरं केलं. हा सलाबत खान म्हणजे तोच, ज्याच्या डोंगरावरच्या कबरीला आपण चांदबीबीचा महाल म्हणतो आणि तिथे जाऊन सेल्फी काढतो. चांदबीबीचा तिथे काही संबंध नाही. असो.

तलावात महाल का? सौंदर्य, दिमाख, ते आहेच. पण मे महिन्यात दुपारी चारला तिथे उभं राहून बघा. मी उभी राहिलेय. तलाव आता कोरडा आहे, नुसतं गवत आणि बाभळी. जाड भिंती, उंच दालन, आणि आत शिरणारा वारा भट्टीसारखा. मग डोळे मिटून कल्पना करायची, की हाच वारा चारी बाजूंनी पाण्यावरून घासत येतोय. अख्खा महाल म्हणजे एक कूलर. फक्त पंप नाही, पंखा नाही, वायर नाही.

मोगलांची तऱ्हा वेगळी. त्यांना तलाव खोदत बसायला वेळ नसायचा, छावण्या हलत्या. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत लिहून ठेवलंय, की वाळ्याच्या, म्हणजे खसच्या मुळ्यांच्या जाळीच्या खोल्या करायची कल्पना बादशहाची, त्यावर पाणी शिंपडलं की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो असा त्याचा दावा. दरबारी माणूस, थोडं वाढवून लिहिणारच. पण युक्ती खरी आहे. गंमत म्हणजे याच अकबराच्या फौजेने, शहजादा दानियाल आणि अब्दुर्रहीम खानखानान यांच्या हाताखाली, १६०० मध्ये नगरचा किल्ला घेतला. त्यांच्या सामानात खसच्या ताट्या होत्या का, हे विचारायला आता कोणी नाही.

पुढे १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला आणि इंग्रज आले. भिंगारची छावणी उभी राहिली. मोठे बंगले, उंच छत, आणि उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना खसच्या ताट्या. बाहेर पखालीतून पाणी मारणारा भिस्ती, आत दोरी ओढणारा पंखेवाला. इंग्रजांनी यात यंत्र आणलं, त्याला म्हणायचे थर्मँटिडोट. लाकडाची अवाढव्य पेटी, आत हाताने फिरवायचं पात्यांचं चाक, बाजूंना ओल्या ताट्या. फॅनी पार्क्स नावाच्या बाईंनी १८३०च्या दशकात अलाहाबादला आपल्या घरी असलं यंत्र असल्याचं लिहिलंय. म्हणजे पत्र्याच्या कूलरचा आकार तेव्हाच ठरला होता: पेटी, तीन बाजूंना ओली जाळी, मध्ये पंखा. फरक एवढाच, की तेव्हा जी दोन माणसं लागायची, एक पाणी मारायला आणि एक चाक फिरवायला, त्यांची जागा पुढे दोन मोटरींनी घेतली. त्या दोन माणसांचं नाव कुठल्याही पुस्तकात सापडत नाही, आणि खोलीतला गारवा अर्थातच त्यांच्या वाट्याला नव्हता. ते बाहेर, उन्हात.

इथपर्यंत सगळी गोष्ट गारव्याची. पण नगरमध्ये आणखी एक जमात होती जिला गारवा नको होता, फक्त ओल हवी होती. विणकर.

साळी आणि पद्मशाली मंडळी. नगरची लुगडी एकेकाळी नावाजलेली होती, १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये या धंद्याचं सविस्तर वर्णन आहे. जुना माग खड्ड्यात असायचा. विणकर जमिनीच्या कडेवर बसायचा, पाय खड्ड्यात. बघणाऱ्याला वाटतं गरिबीमुळे असेल. तसं नाही. कापसाचा धागा कोरडा झाला की ठिसूळ होतो, तटातट तुटतो. ओलसर असला की लवचिक राहतो. खड्ड्यातली मातीची ओल ताण्याला दमट ठेवायची. वर सारवलेली जमीन, कमी उजेड, लहान झरोके. म्हणजे ती खोलीच एक ह्युमिडिफायर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनिअर नगरमध्येच बसून वेगाने चालणारा हातमाग बनवत होते, चर्चिल लूम म्हणून तो ओळखला गेला. माग सुधारला, तरी धाग्याला ओल लागायचीच.

आणि मग गिरण्या. मुंबईची हवा मुळातच दमट, ते गिरणीला सोयीचं. सोलापूरला १८७७ मध्ये गिरणी निघाली तिथे मात्र हवा नगरसारखीच कोरडी. मग काय, गिरणीत कृत्रिम ओल सोडायची. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या विणाईखात्यांत सरळ वाफ सोडायचे. आत माणूस घामाने आणि वाफेने चिंब, बाहेर पडला की बोचरी थंडी. छातीचे आजार. कामगारांनी आवाज उठवला आणि १८८९ मध्ये तिथे कायदा झाला, किती तापमानाला किती ओल चालेल याचा. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १५ होतं, कृत्रिम ओलाव्याबद्दल. त्यात एक गोष्ट मला फार आवडली: हवेत सोडायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याच्या पाण्याच्या दुसऱ्या स्रोताचं हवं, नाहीतर आधी शुद्ध केलेलं हवं. कारण ते शेवटी कोणाच्या तरी फुप्फुसात जाणार. घरातल्या कूलरच्या टाकीत मागच्या वर्षीचं शेवाळ ठेवणाऱ्यांनी हे कलम वाचावं. (आमच्या घरातले काही लोक हा एपिसोड ऐकतायत, मला माहितीये.)

आता एक धक्का. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द आला कुठून? गारव्यातून नाही! १९०६ मध्ये अमेरिकेत स्टुअर्ट क्रेमर नावाच्या माणसाने तो वापरला, सूतगिरणीतल्या हवेत ओल घालण्यासाठी. सुताला कंडिशन करतात तसं हवेला कंडिशन करायचं. त्याच्या आधी १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, तिथे तक्रार उलटी होती, ओल जास्त झाली की कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. म्हणजे एसीचा जन्म माणसाला गार वाटावं म्हणून झालेलाच नाही. सुतासाठी झाला, कागदासाठी झाला. आपण नंतर घुसलो.

ओल मोजायची कशी, ही पण भारी भानगड आहे. १७८३ च्या सुमारास सोस्यूर नावाच्या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने माणसाचा केस वापरला. केस दमट हवेत लांबतो, कोरड्यात आखडतो. त्याला काटा जोडला की झालं मीटर. पावसाळ्यात तुमचे केस का बिघडतात, त्याचं उत्तर आणि ओल मोजायचं यंत्र, दोन्ही एकाच केसात. पुढे ह्युमिडिस्टॅट आले, म्हणजे ओल कमी झाली की आपोआप चालू होणारं बटण, त्यांतही कित्येक वर्षं केसच असायचा. आणि घराच्या भट्टीला आपोआप चालू-बंद करणारं यंत्र आलं मिनियापोलिसमध्येच! अल्बर्ट बट्झ नावाच्या माणसाने १८८५ मध्ये एक झडप बनवली, खोली थंड झाली की भट्टीच्या हवेचं झाकण आपोआप उचलणारी. त्याच्या कंपनीचं पुढे फिरत फिरत हनीवेल झालं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "अगं, माझ्या भिंतीवरच्या डब्यावर तेच नाव आहे."

तर चला परत त्या डब्याकडे.

अण्णांनी फर्नेस जन्मात पाहिलेली नाही. पण त्यांनी दादाला कॅमेरा हळूहळू फिरवायला लावला. हा काय आहे? पाण्याची बारीक नळी. इथे व्हॉल्व्ह, तो उघडला की पाणी वरून ओघळतं. कशावर? एका जाळीवर. जाळीतून काय जातं? भट्टीची गरम हवा. उरलेलं पाणी? खाली नळीने बाहेर. अण्णा दोन सेकंद गप्प, आणि मग: "अरे, हा तर आपला कूलरच आहे की! नुसता उलटा बसवलाय."

खरंच आहे ते. ओली जाळी, त्यातून वारा. फराहबाग, खसची ताटी, थर्मँटिडोट, पत्र्याचा कूलर, आणि अमेरिकेतल्या तळघरातला हा डबा, सगळ्यांचं कूळ एकच.

आता वायरिंग. हे जरा सावकाश ऐका, कारण इथेच दादा फसला. तिकडच्या घरात वीज १२० व्होल्टची, आपल्यासारखी २३० ची नाही. फर्नेसमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो १२० चे २४ करतो. भिंतीवरचा थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह, असली हुकूम देणारी मंडळी २४ वर चालतात. मोठा पंखा मात्र १२० वर. म्हणजे एकाच डब्यात दोन जगं. ह्युमिडिफायरचा व्हॉल्व्ह २४ चा. त्याची साखळी अशी: ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकापासून ह्युमिडिस्टॅट, तिथून व्हॉल्व्ह, तिथून ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला परत. ओल कमी झाली की ह्युमिडिस्टॅट सर्किट जोडतो, व्हॉल्व्ह उघडतो, पाणी ओघळतं.

पण एवढ्याने भागत नाही. पंखा बंद असताना पाणी ओघळत राहिलं तर? पाणी वाया, आणि चुकून निचरा तुंबला तर भट्टीतच पाणी. म्हणून अट अशी हवी, की भट्टी पेटलेली आणि पंखा फिरतोय तेव्हाच व्हॉल्व्हला वीज मिळावी. त्यासाठी फर्नेसच्या बोर्डावर एक जागा दिलेली असते, तिच्यावर तीन अक्षरं: एच, यू, एम. दादाने वाचलं, ह्युमिडिफायरसाठीच आहे, दिली जोडून. आता काही बोर्डांवर त्या जागी २४ व्होल्ट मिळतात. आणि बऱ्याच बोर्डांवर १२०. नाव तेच, अक्षरं तीच. दादाच्या बोर्डावर १२० होते. २४ चा व्हॉल्व्ह तीन मिनिटं तरी टिकला, हेच नशीब.

उपाय साधा आहे. त्या १२० च्या जागेवर एक वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. पंखा आणि भट्टी चालू असतील तेव्हाच त्याला १२० मिळणार, तेव्हाच तो २४ देणार, आणि पुढची साखळी पहिल्यासारखीच. अट आपोआप पाळली जाते. अण्णांनी हे वहीच्या पानावर काढून फोटो पाठवला. पण खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: १२० च्या बाजूला तू हात लावायचा नाही. तिकडचा परवानेवाला वायरमन बोलव.

दादा वैतागला. तिकडे वायरमन नुसता दारात आला तरी किती डॉलर लागतात, तुम्हाला कल्पना नाही अण्णा, वगैरे. अण्णा म्हणाले, "पैसे मी पाठवतो." आणि फोन ठेवून दिला.

मी म्हटलं, अण्णा, एवढं काय चिडायचं? मुलगा इंजिनिअर आहे.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पण त्याआधी थोडा अजून इतिहास, कारण त्याशिवाय ते कळणार नाही.

अण्णा मूळचे राहुरी तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी गावात वीज आली ती मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्थेची. हा एक विलक्षण प्रयोग होता. अमेरिकेत १९३०च्या दशकात खेड्यांत वीज पोचवायला खासगी कंपन्या तयार नव्हत्या, म्हणून शेतकऱ्यांनीच सहकारी संस्था काढल्या, सरकारने कर्ज दिलं. तोच नमुना भारतात आणला गेला. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि देशात पाच ठिकाणी प्रायोगिक वीज सहकारी संस्था ठरल्या: आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ, आणि महाराष्ट्रात आपली मुळा-प्रवरा. आपल्याकडे सहकाराची सवय होतीच, प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० पासूनचा. श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यात ही संस्था २०११ पर्यंत वीज वाटत होती. म्हणजे विचार करा, अमेरिकेतल्या खेड्यांतला नमुना राहुरीत आला, राहुरीतला एक पोरगा तारा बघून वायरमन झाला, आणि त्याचा पोरगा अमेरिकेत जाऊन बापाला वायर दाखवतोय.

विहिरीवर मोटार आली, घरात बल्ब आला. पण घरात वायर ओढणं हे ज्याचं त्याचं काम. आणि तेव्हाच्या बहुतेक घरांत वायरी दोनच असायच्या. तिसरी, म्हणजे अर्थिंग, ती कोणाला दिसत नाही, तिने बल्ब लागत नाही, मग तिच्यावर खर्च का करायचा? अर्थिंग करायचं तर अंगणात खोल खड्डा, त्यात धातूची पट्टी किंवा पाइप, भोवती मीठ आणि कोळसा. आणि नगरची जमीन म्हणजे खाली मुरूम नाहीतर काळा खडक. उन्हाळ्यात माती कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंग असून नसल्यासारखं, कारण वीज ओल्या मातीतूनच नीट उतरते. म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. बघा, इथेही ओलच.

मग साधारण ऐंशी-नव्वदच्या दशकात पत्र्याचे कूलर आले. गल्लीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात पेटी बनवायची, एक्झॉस्टची मोटर, बाजूंना वुडवूल, तळाला पाणी आणि पाण्यात बुडवलेला छोटा पंप. आता डोळ्यासमोर आणा: लोखंडी पेटी, आत पाणी, पाण्यात २३० व्होल्टचा पंप, पंपाच्या वायरला कुठेतरी चीर. दोन पिनांचा प्लग. ओली फरशी. आणि बादलीने पाणी भरायला आलेला अनवाणी माणूस.

अण्णांनी सांगितलं: १९९४ चा मे. मागच्या गल्लीतलं घर, वायरिंग त्यांनीच केलेलं. घरात अर्थिंग नव्हतं. अण्णांनी सांगितलं होतं करून घ्या म्हणून, घरमालक म्हणाले दिवाळीनंतर बघू. त्यांनी नवा कूलर आणला, तीन पिनांचा प्लग बोर्डात बसेना. अण्णांना बोलावलं. त्यांनी प्लग बदलून दोन पिनांचा लावून दिला. पाच मिनिटांचं काम, पैसेसुद्धा घेतले नाहीत. अकरा दिवसांनी त्या घरातली सून दुपारी चालू कूलरमध्ये पाणी ओतायला गेली.

"तेवीस वर्षांची होती," अण्णा म्हणाले. "पोलीस आले, विचारून गेले. मला कोणी काही बोललं नाही. तिचा सासरासुद्धा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

मी तेव्हा दोन वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की लहानपणी आमच्या घरी कूलर कधीच नव्हता. आम्हाला वाटायचं पैसे नाहीत.

विजेच्या धक्क्याचं गणित अमेरिकेतल्या बर्कलीच्या चार्ल्स डॅलझिएल नावाच्या प्राध्यापकांनी मांडलं. त्यांनी स्वयंसेवकांवर मोजून काढलं की किती करंट अंगातून गेला की हाताची पकड सोडवता येत नाही. साधारण १६ मिलीअँपिअर पुरुषांना, स्त्रियांना त्याहून कमी, साडेदहाच्या आसपास. पंधरा वॉटच्या छोट्या बल्बला याच्या चौपट लागतो. या अभ्यासातून त्यांनी १९६१ मध्ये असं यंत्र बनवलं, की गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत जरा फरक पडला, म्हणजे मधेच कोणाच्या तरी अंगातून जमिनीत गळतोय, की क्षणात वीज तोडायची. आपल्याकडे त्याच तत्त्वावरचं आरसीसीबी मिळतं, घरासाठी ३० मिलीअँपिअरचं. मीटरच्या बोर्डात एमसीबीच्या शेजारी, त्यावर 'टेस्ट' असं छोटं बटण असतं. नेहमीचा एमसीबी हे काम करत नाही, हे अण्णांनी खास सांगायला सांगितलंय. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस मरू नये म्हणून नाही.

त्या मे महिन्यानंतर अण्णांनी अर्थिंग नसलेल्या घरात एकही कूलर जोडला नाही. किती गिऱ्हाइकं गेली, आई सांगते. 'तो खडूस वायरमन' असं नाव पडलं होतं. मला वाटायचं स्वभावच तसा असेल. तीस वर्षं मी त्या माणसाला खडूस समजत आले आणि इतिहासाचे पॉडकास्ट करत बसले, समोर बसलेल्या माणसाला कधी विचारलं नाही.

दादाला मी हे सगळं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने वायरमन बोलावला. तो माणूस आला, १२० ची बाजू, नवा ट्रान्सफॉर्मर, सगळं अर्ध्या तासात करून गेला. २४ ची बाजू दादाने स्वतः जोडली, अण्णा व्हिडिओवर, प्रत्येक जोडाला "ओढून बघ, सुटतेय का." ह्युमिडिस्टॅट किती ठेवायचा यावरही वाद झाला. दादाला पन्नास टक्के हवे होते. पण बाहेर उणे वीस असताना आत एवढी ओल ठेवली तर खिडक्यांच्या काचांवर पाणी साचतं, भिंतीत बुरशी धरते. पंचवीसच्या आत ठेवलाय सध्या. भाच्याचा घोळणा त्यानंतर एकदा फुटला, मग नाही.

शेवटी अण्णांनी एकच गोष्ट परत परत विचारली, "त्या माणसाने हिरवी वायर जोडली ना? दाखव." दादाने टॉर्च मारून दाखवली. अण्णांनी स्क्रीन डोळ्याजवळ धरून बघितली, चष्मा वर करून.

तर मंडळी, आज एवढंच. एक काम करा: घरातला कूलर बंद करा, प्लग काढा आणि बघा त्याला पिना किती आहेत. दोन असतील तर कमेंटमध्ये लिहा. अण्णा स्वतः वाचणार आहेत सगळ्या कमेंट, आणि ओरडणार आहेत.